घरत बाई आणि वर्गातली गावं

रबाळ्याच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी घरत बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो गावाचा. नाव, शिक्षण, लग्न झालंय का, यातलं काही नाही. स्टाफरूमच्या खिडकीशी उभ्या राहून त्या तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खात होत्या. वासाचा कुणाला त्रास नको म्हणून खिडकी, एवढीच त्यांची सवलत. डबा लपवणं त्यांना मान्य नव्हतं.

"गाव कुठलं तुझं?"

"सीवूड्स," मी म्हणाले.

"ते राहायचं ठिकाण झालं. गाव?"

"बाबांचं कराडजवळ आहे. पण आम्ही फारसं जात नाही."

"का जात नाही?"

याचं उत्तर मला कधी द्यावं लागलं नव्हतं. त्यांनी शेवटचा घास खाल्ला, हात धुतले, पदराला पुसले. "असू दे. चौथी तुझी, शेजारची तिसरी माझी. मधली भिंत पातळ आहे. माझ्या वर्गातून आवाज आला तर भिंत वाजवू नकोस. आत येऊन बस."

हेमलता घरत तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. उंच, सावळ्या, चालणं असं की व्हरांड्यातली मुलं आपोआप बाजूला होत. स्कूटरवरून यायच्या. खांद्याला पर्स नसायची, जाड कापडाची पिशवी असायची आणि त्या पिशवीत लहान मुलांचं एखादं पुस्तक हमखास. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्त होईपर्यंत बाई ते वाचत. माझ्यासमोर एकदा बँकेतल्या एका काकांनी कौतुकाने विचारलं, "नातवासाठी घेतलंत वाटतं?" बाई म्हणाल्या, "नाही, माझ्यासाठी. नातवाला मिळालं तर मिळेल."

त्यांचं स्वतःचं गाव शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खाडीकाठचं, भातशेतीचं, मिठागरांचं गाव. आता ते सेक्टरांच्या मधोमध अडकलंय. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या. घरतांचीही एक इमारत आली, भाडेकरू आले. बाईंचे यजमान तिचा कारभार पाहायचे. माहेरही शेजारच्याच गावचं, त्याचंही तेच झालेलं. त्यामुळे मे महिना आला, दिवाळी आली की सगळी शाळा गावाला जायची आणि बाई मात्र घरीच.

"सुरुवातीची बरीच वर्षं मी 'माझे गाव' निबंध तपासले," त्या मला एकदा म्हणाल्या. "नदी लिहिलं की बघायची, दीर्घ ई बरोबर दिलीय का. बरोबर, पुढे. ती नदी केवढी आहे, तिच्यात पाणी असतं का नुसती वाळू, मला काय माहीत. मुलगा मला त्याचं गाव सांगतोय आणि मी त्याची वेलांटी बघतेय."

मग एका सुट्टीत त्या उठल्या आणि वर्गातल्या एका मुलाच्या गावाला गेल्या. जालन्याकडचं कुठलंतरी गाव. मुलाच्या चुलत्याकडे राहिल्या, नदी पाहिली. नुसती वाळू होती. परत आल्यावर त्यांनी वर्गात त्या नदीचं वर्णन केलं, तेव्हा तो मुलगा जागेवरून उठून बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि तास संपेपर्यंत हललाच नाही. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत वर्गातलं एक गाव. कधी परभणीकडचं, कधी गोरखपूरच्या पुढचं, एकदा थेट ओडिशातलं. रबाळ्याच्या कारखान्यांमुळे आमच्या शाळेत कुठली कुठली मुलं होती, त्यामुळे बाईंना गावांची कधी कमतरता पडली नाही. यजमान भेटले की तक्रार करायचे, "आमी हिला तीन मजली घर बांदून दिलं, आन ही रवते यष्टीन." पण बसचं रिझर्वेशन तेच करून द्यायचे आणि थांब्यावर सोडायलाही तेच यायचे.

प्रवासातून बाई खाण्याच्या वस्तू, साड्या, शोभेचं सामान काही आणत नसत. त्या भागातल्या भाषेतलं मुलांचं एक पुस्तक आणत. हिंदी सोडली तर त्यातली एकही लिपी त्यांना वाचता येत नव्हती. वर्गाच्या मागच्या बाजूला त्यांनी अशा पुस्तकांची फळी केली होती. ओडिया, बंगाली, तेलुगू, गुजराती. त्या फळीवरून दर सोमवारी शेवटच्या तासाला एक पुस्तक निघायचं. बाई फरशीवर बसायच्या, मुलं भोवती. चित्रं दाखवायची, पान उलटायचं आणि गोष्ट काय असेल ते मुलांनी सांगायचं. मुलं त्याला अंदाजाचा तास म्हणायची.

"बाई, तुम्हाला पण येत नाही वाचता?" नवीन मुलगा हमखास विचारायचा.

"नाही येत."

"खरंच?"

"तुझी शप्पत."

हे ऐकून त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी चौथीत कितीही शिकवून आणू शकत नव्हते. वाचता न येणारी मुलं आमच्याकडे कमी नव्हती. तिसरीत येऊनही जोडाक्षराला अडणारी, बोट ठेवून घाम गाळणारी. या एका तासात ती आणि बाई एकाच बाकावर आलेली असायची.

मराठी पुस्तकं मात्र बाई स्वतः वाचून दाखवत, आणि तेही अगदी सपाट आवाजात. वाघ आला म्हणून गुरगुरणं नाही, म्हातारी आली म्हणून कापरा आवाज नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, थोडा अभिनय केलात तर मुलांना मजा येईल." त्या म्हणाल्या, "वाघ मी केला तर माझ्याएवढाच होईल. त्यांचा त्यांना करू दे, मोठा होईल." भिंतीपलीकडून मी तो सपाट आवाज ऐकत असे. बाकी चिडीचूप. माझी चौथी मधेच गणित सोडून कान तिकडे लावायची आणि मीही त्यांना रागवत नसे.

त्या गोड बाई नव्हत्या, हेही सांगायला हवं. कुणी दुसऱ्याच्या बोलण्याला हसलं की त्यांचा आवाज असा चढायचा की खालच्या मजल्यावरची बालवाडी दचकायची. चिडल्या की त्यांची शाळेतली मराठी गळून पडायची आणि खाडीकाठची बोली बाहेर यायची. "हसतंस कनाला? तुना येतं का त्याची भासा?" भाषेला हसणं हा त्यांच्या वर्गातला सगळ्यात मोठा गुन्हा होता.

मी तिथे आले त्या वर्षीच पावसाळ्यात केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. सोमवार, शेवटचा तास. साहेब दारात उभे राहिले, तेव्हा वर्गात एका बंगाली पुस्तकातल्या मगरीवरून भांडण जुंपलं होतं. मगर रडते आहे की तिच्या डोळ्यात पाणी गेलंय, असा वाद.

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "हा तास वेळापत्रकात कशात आहे?"

"भाषेत," बाई म्हणाल्या.

"कोणत्या भाषेत?"

"बंगाली आहे असं दुकानदार म्हणाला होता."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हातात आमच्या शाळेचे वाचनाचे निकाल होते आणि ते चांगले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "घरत बाई, मुलांना मराठी वाचता येत नाही आणि तुम्ही त्यांना बंगालीची चित्रं दाखवताय. आधी वाचन येऊ दे. चाचणी होईपर्यंत हा तास बंद ठेवा."

"ज्याला वाचता येत नाही, साहेब, त्याला अंदाज करायची तरी सवय लागू दे. त्याच बळावर तो पुढचा शब्द वाचतो."

"तास बंद ठेवा," साहेब म्हणाले. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

मला वाटलं, बाई आता वाद घालतील. त्यांनी "बरं" म्हटलं. दुसऱ्या सोमवारी शेवटच्या तासाला तिसरीत पाढे चालू होते. पण दुपारी खिचडीच्या सुट्टीत पाहते तर व्हरांड्यात मुलं ताटल्या घेऊन गोल बसलेली आणि मधे बाई एका हाताने मगर धरून, दुसऱ्या हाताने जेवत होत्या.

"साहेबांनी बंद करायला सांगितलं ना?" मी विचारलं.

"तास बंद करायला सांगितलाय. तास बंदच आहे. हे जेवण आहे."

त्याच वर्षी बाईंच्या वर्गात रेणुका होती. वडील एका कारखान्यात मशीनवर, आई पॅकिंगला. विजापूरकडचं कुटुंब. जून संपता संपता आली ती आणि दिवाळीपर्यंत एक शब्द बोलली नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. मारामारी नाही, रडणं नाही, काही मागणं नाही. फळ्यावरचं सगळं सुबक उतरवून घ्यायची, पण वाच म्हटलं की खाली बघायची. स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, कानांची तपासणी करा. कुणी म्हणालं, डोक्याने कमी असेल, खास शाळेत पाठवा. बाई त्यांच्या खिडकीशी जेवत होत्या. म्हणाल्या, "अक्षर बघितलंय का तिचं? डोकं कमी असतं तर ओळ वाकडी गेली असती."

दिवाळीच्या सुट्टीआधी तिची आई दाखला मागायला आली. कडेवर रेणुकाचा लहान भाऊ. तोडक्यामोडक्या हिंदीत तिने सांगितलं की पोरगी शाळेत काही शिकत नाही, तिला गावी आजीकडे ठेवते, म्हणजे या लहानग्यालाही ती सांभाळेल. मी काम करू की याला बघू, ती म्हणाली. रेणुका आईच्या मागे साडीचा काठ धरून उभी होती. तिला सगळं कळत होतं.

बाईंनी आईला बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "गाव का नाम क्या है? बस कहाँ तक जाती है?"

आईने सांगितलं.

"दाखला दिवाली के बाद ले जाना," बाई म्हणाल्या. "पहले मैं जाके आती हूँ."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. शाळेतल्या बाई आपल्या गावाला कशाला जातील, हे तिला समजेना. संध्याकाळी स्कूटर काढताना बाईंनी मला विचारलं, "सुट्टीत काही काम आहे तुला?" काहीच नव्हतं. भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघी निघालो.

सोलापूरपर्यंत गाडीने, पुढे बसने. प्रवासात बाईंना खिडकी लागत नसे, शेजारी माणूस लागे. मी खिडकीतून तुरीची पिवळी शेतं बघत होते आणि घरत बाई शेजारणीला खुणांनी, चार शब्दांनी, हसून काहीबाही विचारत होत्या. उतरेपर्यंत त्या शेजारणीने त्यांना ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती.

रेणुकाचं गाव लहान होतं. बसथांब्याजवळच शाळा, दोन खोल्यांची, रंगवलेल्या भिंतींची. सुट्टीमुळे कुलूप होतं, पण मास्तर गावातच राहायचे. निरोप गेल्यावर सायकलवरून आले. सीमेजवळचं गाव असल्यामुळे त्यांना मराठी येत होती, त्यांच्या पद्धतीची.

"रेणुका? अय्यो, ते पोरगी लई बोलतंय की वो," मास्तर म्हणाले. "वर्गात मला बोलू देत नव्हतं ते. रोज सकाळी सगळ्यास्नी पुस्तक तेच वाचून दाखवायचं. मी नुस्ता बसून ऐकायचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कमरेवरचा हात त्यांनी खाली घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कळलं की त्यांनाही काळजी वाटत होती.

"कुठलं पुस्तक वाचायची?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी कुलूप काढलं. कपाटातून एक पातळ पुस्तक आणलं. कडा फाटलेल्या, चिकटपट्ट्या लावलेल्या. मुखपृष्ठावर एक शेळी. "हे तिला तोंडपाठच हाय. न्या तुमी. इथं दुसरं हाय आमच्याकडं."

"गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

मास्तर सांगायला लागणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला. "नको, सर. सांगू नका. मला माहीत असून चालणार नाही."

रेणुकाच्या आजीलाही आम्ही भेटलो. तिने जेवू घातलं. नात परत येणार असं तिला कळलं होतं, तरी ती खूश दिसली नाही. मास्तरांकरवी तिने बाईंना एवढंच विचारलं की तिथे पोरीला कुणी मारतं का, म्हणून ती येतेय का. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

सुट्टी संपली. मला वाटलं होतं, बाई पहिल्याच दिवशी रेणुकाला जवळ बोलावून पुस्तक देतील, गावाची खुशाली सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. पुस्तक फळीवर ठेवलं आणि सोमवारची वाट पाहिली.

खिचडीची सुट्टी. मी माझी ताटली घेऊन मुद्दाम व्हरांड्यात गेले. रेणुका नेहमीसारखी खांबाला टेकून कडेला बसली होती. बाईंनी फळीवरून आणलेलं शेळीचं पुस्तक उघडलं आणि पहिलं चित्र दाखवलं. ओढ्यावर लाकडी साकव, अलीकडे शेळी उभी, पुढे दोरी ओढणारा माणूस. दुसऱ्या पानावर आणखी दोन माणसं ढकलतायत. तिसऱ्या पानावर अख्खं गाव. शेळी हलत नाही.

मी रेणुकाकडे पाहत होते. ताटलीतला तिचा हात थांबला होता.

"बकरीला पाण्याची भीती वाटते," एक मुलगी म्हणाली.

"नाय रे, पलीकडे खाटीक आहे. तिला माहितीय."

"ती ना, हट्टी आहे. माझी बहीण अशीच करते."

"टीचर, वो पागल हो गयी है."

मतं पडत गेली. खाटकाची गोष्ट सगळ्यांना आवडली. ती रंगत गेली, खाटकाला मिशी आली, सुरी आली. बाई सपाट चेहऱ्याने पान उलटत होत्या. शेवटच्या पानावर शेळी साकव ओलांडून पलीकडे गेलेली होती. "म्हणजे खाटकाने तिला नेलं," मुलांनी निकाल दिला. "मेली बिचारी."

"हागल्ल," खांबाकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रेणुका उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय म्हणाली ती?" कुणीतरी विचारलं.

"हागल्ल," ती पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने. मान जोरजोरात हलवत. म्हणजे तसं नाही. ती ताटल्या ओलांडत मधे आली, खिचडीचा हात फ्रॉकला पुसला आणि बाईंच्या हातातून पुस्तक घेतलं. पहिलं पान काढलं. आणि वाचायला लागली.

कन्नडमधे. खणखणीत आवाजात. एकही अक्षर न अडखळता, पानाकडे अर्धवट बघत, मधेच समोरच्यांकडे बघत, जसं कुणी रोजचं काम करावं तसं. मुलांना एक शब्द कळत नव्हता. कुणी हललं नाही. खिचडी वाढणाऱ्या मावशी डाव हातात धरून उभ्या राहिल्या. तिने शेवटचं पान वाचलं आणि मग सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून तिच्या लक्षात आलं की कुणालाच काही समजलेलं नाही. ती पुन्हा पहिल्या पानावर गेली. चित्रात शेळीच्या मागे गवत होतं. गवतावर तिने बोट ठेवलं. गवतातून एक इवलासा कान वर आला होता. दुसऱ्या पानावरही तोच कान, जरा जवळ. तिसऱ्या पानावर आणखी जवळ, आणि शेवटच्या पानावर साकवाच्या पलीकडे, शेळीच्या मागच्या गवतात. इतके दिवस चित्रं बघण्यात तरबेज झालेल्या त्या वर्गातल्या कुणालाही तो दिसला नव्हता.

"बच्चा," रेणुका म्हणाली. "उसका बच्चा. मागे हाय. ते येत नाय, तर ती जात नाय."

पुढची मिनिटं नुसता गोंधळ. सगळ्यांना तो कान बघायचा होता. पुस्तक या हातातून त्या हातात. खाटकाची गोष्ट रचणारा मुलगा सगळ्यात जास्त चिडला होता, कारण त्याची गोष्ट चांगली असून चुकली होती. तो सरळ रेणुकाशी भांडायला लागला आणि रेणुका कन्नड, हिंदी, मराठी जे सापडेल ते घेऊन त्याच्याशी भांडायला लागली.

बाई उठल्या, ताटली धुवायला नळावर गेल्या. मी मागोमाग गेले. नळ सोडून त्या नुसत्याच उभ्या होत्या.

"तुम्हाला खात्री होती ती बोलेल याची?" मी विचारलं.

"आपली गोष्ट कुणी चुकीची सांगितली की माणसाला राहवत नाही," त्या म्हणाल्या. मग तोंडावर पाणी मारून म्हणाल्या, "तरी पन घाबरलेली मी. खोटा कशाला बोलू."

रेणुकाची आई दाखल्यासाठी आली, तेव्हा बाईंनी तिला वर्गाच्या दाराशी उभं केलं. आत रेणुका वाचत होती. मराठीच, अडखळत, पण मोठ्याने. आई पदराने नाक पुसत म्हणाली, "पन छोटे का क्या?" तिची अडचण खरी होती आणि नुसत्या वाचनाने ती सुटणार नव्हती. बाईंनी त्याचा विचार आधीच करून ठेवला होता. खालच्या बालवाडीच्या ताईंशी त्या बोलल्या होत्या. वय थोडं कमी होतं, पण ताईंनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रेणुका भावाला हाताला धरून शाळेत आणायला लागली, त्याला खाली सोडून वर यायला लागली. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे मी चौथीला तिला शिकवलं. वर्गात मला बोलू देत नसे ती.

साहेब जानेवारीत पुन्हा आले आणि नेमके जेवणाच्या सुट्टीत. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. बाईंनी साहेबांना खुर्ची दिली, ताटली दिली आणि शेळीचं पुस्तक हातात दिलं. "तुम्ही सांगा, साहेब. काय झालंय हिला?"

साहेबांनी पानं उलटली. "आजारी दिसते," साहेब म्हणाले.

"हागल्ल," अख्खा वर्ग म्हणाला.

रेणुकाने जाऊन त्यांना कान दाखवला. साहेब पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि एकेक पान करत शेवटपर्यंत तो कान शोधत राहिले. खिचडी निवली. चाचणीत तिसरी फार वर गेली होती असं नाही, पण कोरा कागद कुणी दिला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पुढच्या सोमवारी बाईंनी शेवटच्या तासाला फळीवरून पुस्तक काढलं. सुरू करा असं कुणी म्हणालं नाही आणि बंद करा असंही नाही.

मग फेब्रुवारीत रेणुकाने भर वर्गात विचारलं, "बाई, तुमी आमच्या गावाला गेलात. आमी तुमच्या गावाला कधी?"

मी कशासाठी तरी खडू मागायला गेले होते. बाईंनी हातातला खडू मला दिला. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या तिसरीला घेऊन चालत निघाल्या. मीही गेले. चकचकीत दुकानांमागे एका सोसायटीच्या उघड्या पार्किंगपाशी त्या थांबल्या. "हा आमचा बांध होता," त्यांनी डांबरावर पायाने रेघ ओढल्यासारखं केलं. "इथून तिथपर्यंत. दोन्हीकडे भात. पाय घसरला तर गुडघ्यापर्यंत चिखल. एकामागे एक या." आणि त्या दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत, गाड्यांच्या मधून चालायला लागल्या. मागे सगळी तिसरी. मुलं खरोखर तोल सांभाळत होती. एकाचा पाय 'घसरला', तर दोघांनी त्याला ओढून वर काढलं. वॉचमन धावत आला.

"मॅडम, किधर जाना है?"

"शेतावर," बाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

पुढे गावठाणात त्यांच्या चुलत सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मुलांना मिठागराच्या, खेकड्यांच्या, भरतीला घरात शिरलेल्या पाण्याच्या गोष्टी सांगितल्या, अस्सल आगरी बोलीत. निम्म्या मुलांना निम्म्याच कळल्या. बाकीचं त्यांनी अंदाजाने भरून काढलं. त्याची त्यांना आता सवय होती.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ खालच्या सभागृहात होता. हार, शाल, नारळ, पाहुणे म्हणून तेच साहेब, आता मोठ्या पदावर. यजमान नव्या शर्टात पहिल्या रांगेत. सगळं तयार झालं आणि उत्सवमूर्तीच नाहीत. मुख्याध्यापकांनी मला वर पाठवलं.

जिना चढून मी व्हरांड्यात आले. शाळा रिकामी होती, सगळे खाली. तिसरीच्या वर्गातून तो सपाट आवाज येत होता. दारातून पाहिलं. बाई नव्या साडीत फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, मुलं भोवती दाटीने. दुपारी सुरू केलेली एक लांबलचक गोष्ट संपत आली होती. हातातल्या पुस्तकाची उजवीकडची पानं अगदी थोडी उरली होती. एका मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली होती.

खालून माईक घरघरला. कुणीतरी "हॅलो, हॅलो" केलं आणि सूत्रसंचालकाने बाईंचं पूर्ण नाव घेऊन त्यांना मंचावर येण्याची विनंती केली. टाळ्या वाजल्या. मी दाराच्या चौकटीत उभी होते. तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी मान वर न करता मोकळा हात माझ्या दिशेने उचलला, थांब म्हणून.

माईकवरून पुन्हा नाव आलं. बाईंनी पान उलटलं.